हा आवाज डिझाइनचा आहे

कुणीतरी या देशातल्या माणसांना शिकवून ठेवलंय, की यंत्रातून आवाज आला म्हणजे यंत्र बिघडलं. ज्या कुणी हे शिकवलं त्यानं आपलं फार नुकसान केलंय. पंखा कुरकुरला, घाला तेल. शिवणयंत्र टकटकलं, घाला तेल. आवाज ऐकायचा नसतो, नुसता बंद करायचा असतो, हे आमच्या डोक्यात लहानपणापासून इतकं पक्कं बसवलंय, की ऐकणं नावाची गोष्टच आम्ही विसरलो. मी हे आजही म्हणते. या मतापायी एका एसटीच्या थांब्यावर, भर दुपारी, चार माणसांत माझी शोभा झाली, तरी म्हणते.

बसा, चहा घ्या. ही फजिती माझ्याच तोंडून ऐकलेली बरी. दत्तूमामांकडून ऐकाल तर ते त्यात दरवेळी नवीन माणसं घालतात.

दत्तूमामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ. जुन्या जालन्यात, धान्याच्या गोदामांच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज आहे. स्कूटर, मोटरसायकल, शेतातले पंप, फवारणीची यंत्रं, जे येईल ते दुरुस्त करतात. शिक्षण सातवी. मी मेकॅनिकल इंजिनिअर, तेही पहिल्या वर्गात. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे त्याचा काहीही उपयोग झालेला नाही.

तर या गॅरेजात एक दिवस टेम्पोतून सात खोकी उतरली. जाफराबादचे एक दाताचे डॉक्टर आहेत, मामांचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी हैदराबादच्या एका शौकिनाकडून एक जुनी इटालियन स्पोर्ट्स मोटरसायकल घेतली होती. घेतली म्हणजे काय, सुटी घेतली. लाल टाकी एका खोक्यात, इंजिन दुसऱ्यात, आणि तिसऱ्यात नटबोल्ट असे, की जणू कुणी भेळ कालवून ठेवलीय. कंपनीचं नाव सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना लाल रंगावरूनच कळलं असेल.

मामा खोक्यांत डोकावले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे माझ्यानं होणार न्हाई. ह्याच्यात काय कुठं लागतं, त्ये बी समजून न्हाई राह्यलं."

मी मागून म्हणाले, "मी करते."

त्या वेळी घरात माझ्यावरून रोज वाद चालू होता. पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं होतं, दिवाळीनंतर हजर व्हायचं. काम काय, तर दुसऱ्यांनी काढलेल्या चित्रांवर मापं टाकायची. मला ते करायचं नव्हतं. मला इथंच, जालन्यात, जुनी यंत्रं पुन्हा उभी करायची होती. चांगली गोष्ट फक्त पुण्यातच घडते, हा कायदा कुणी केला? आई म्हणायची, "कायदा न्हाई, पण पगार तिथंच घडतो."

शेवटी आईनं आणि मामांनी मिळून करार केला. गाडी मी बांधायची. डॉक्टर तिच्यावर बसून जालन्याहून जाफराबादला जातील. गाडी पसंत पडली तर अर्धं गॅरेज माझं, माझ्या नावाची पाटी, आणि डॉक्टरांच्या घरी अजून एक अशीच गाडी सुटी पडली होती तीही माझ्याकडे. नापसंत पडली तर मी पुण्याला जाणार, आणि तोंड न वाकडं करता जाणार. हे शेवटचं आईनं घातलं.

आता ती गाडी कशी होती ते सांगू द्या, नाहीतर तुम्हाला माझा माज कळणार नाही.

आपल्या गाड्यांचा सांगाडा प्लास्टिकच्या खाली लपवलेला असतो. हिचा सांगाडा उघडा. बारीक पोलादी नळ्या तिरक्या तिरक्या जोडून त्रिकोणच त्रिकोण केलेले, आणि ते सगळे रंगवून समोर ठेवलेले. वजन कमी, ताकद भरपूर. मी मामांना म्हटलं, "बघा, जे ओझं उचलतंय तेच सौंदर्य. वेगळं सजवायची गरजच नाही."

मामा वाकून बघत म्हणाले, "मोबाइलचा टॉवर आडवा पडल्यावानी दिसून राह्यला."

मग इंजिन. दोन सिलिंडर, एकमेकांशी काटकोनात. एक जवळजवळ आडवा, एक उभा, त्यामुळे दोघं एकमेकांचा हादरा सावरून घेतात. आणि खरी कमाल झडपांची. सगळ्या इंजिनांत झडप उघडायला दांडी असते आणि मिटायला स्प्रिंग. वेग फार वाढला की स्प्रिंग मागं पडते, झडप वेळेवर मिटत नाही. या इटालियन लोकांनी स्प्रिंगवर विश्वासच ठेवला नाही. उघडायला एक दांडी, मिटायला दुसरी. म्हणजे दाराला उघडणारा एक माणूस आणि लावणारा वेगळा माणूस, दोघंही पगारी.

मामा म्हणाले, "सरकारी हापिस झालं की मंग. एका कामाला दोन माणसं."

"पण मामा, इथं दोघंही काम करतात."

"मंग सरकारी न्हाई," मामा म्हणाले, आणि पंपाकडे वळले.

त्या झडपांच्या फटी मोजण्यात माझा पावसाळा गेला. कागदाहून पातळ पत्त्या घालून एकेक फट बघायची, अंगठीएवढी चकती घासायची, परत बघायची. मामा येता-जाता म्हणायचे, "जल्दी कर माय, दसरा आला." पण मला हात लावायचे नाहीत. तेवढा मान त्यांनी दिला.

आता क्लच. इथून पुढं कान देऊन ऐका.

साधारण गाडीचा क्लच तेलात बुडालेला असतो. हिचा कोरडा. प्लेटांचा गठ्ठा एका टोपलीत, तेल नाही, वंगण नाही. तेल ढवळण्यात शक्ती वाया जात नाही म्हणून शर्यतीच्या गाड्यांत असा घालायचे. आणि कोरडा असल्यामुळे तो वाजतो. लिव्हर दाबली की प्लेटा सैल सुटतात आणि टोपलीत खळखळतात. तो दोष नव्हे, तो त्या गाडीचा स्वभाव. शौकीन लोक नुसता तो आवाज ऐकायला जमतात. मी कॉलेजात असताना हेडफोन लावून झोपायच्या आधी ऐकायचे. लोक भजनं ऐकतात, मी क्लच ऐकायचे.

या क्लचवर कंपनीचं बंद झाकण होतं. अस्सल, त्या काळचं. मी काय केलं? एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे जाऊन त्या झाकणाला तीन मोठ्या खिडक्या पाडून घेतल्या. करंगळी सोडा, अंगठा आत जाईल एवढ्या.

मामांनी कपाळाला हात लावला. "अगं, कंपनीनं बंद दिलंय तर काय येडे होते का ते लोक?"

"त्यांनी जालन्याचा मे महिना पाहिलेला नाही," मी म्हणाले. "क्लच तापेल. हवा लागली पाहिजे. आणि जे काम करतं ते दिसलं पाहिजे. नळ्या उघड्या ठेवल्या, मग क्लच का लपवायचा? तो अपुरा विचार मी पुरा केला."

इटलीच्या लोकांचा अपुरा विचार मी पुरा केला. हे वाक्य मी खरोखर बोलले होते. मामांना ते अजून पाठ आहे.

खंडेनवमीला गाडी तयार झाली. त्या दिवशी गॅरेजात सगळ्या यंत्रांची पूजा असते, पान्यांपासून कॉम्प्रेसरपर्यंत. आई ताट घेऊन आली आणि हळदीचं बोट सरळ लाल टाकीकडे निघालं.

मी आडवी गेले. "टाकीला नाही. तो रंग जुना आहे, हळदीचा डाग बसला तर निघणार नाही."

"मग कुठं लावू? पूजा तर करावी लागंल ना."

"इथं कर." मी इंजिनाच्या बाजूला, क्लचजवळ बोट दाखवलं. "खरं काम करणारी जागा हीच आहे." आणि मोबाइल काढून चित्रण करायला चार पावलं मागं गेले.

आईनं पूजा केली, मामांनी नारळ फोडला, मी बटण दाबलं. गाडी पहिल्या दमात सुरू झाली. काय सांगू तुम्हाला, गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं एकदम उडाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या भारदस्त आवाजात, खालून, तो दुसरा आवाज आला. खडखड, खडखड, खडखड.

आई मागं सरली. "रेणू, काहीतरी तुटलं गं."

"नाही," मी म्हणाले. मला इतकं भरून आलं होतं की मी आईचा हातच धरला. "हा आवाज डिझाइनचा आहे. याच्यासाठीच तर सगळं."

मामा उकिडवे बसून ऐकत होते. तीस वर्षं त्यांनी इंजिनं कानानं दुरुस्त केलेली आहेत. ते म्हणाले, "क्लच दाबून बघ बरं."

मी दाबला. खडखड.

"सोड आता."

सोडला. खडखड.

मामांनी वर बघितलं. "तू म्हणली होतीस दाबल्यावर वाजतं. मंग सोडल्यावर बी का वाजून राह्यलं?"

आता बघा. हा माणूस सातवी शिकलेला, ही गाडी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा चालू झालेली पाहिलेली, आणि त्यानं अर्ध्या मिनिटात नेमका तोच प्रश्न विचारला जो मी स्वतःला विचारायला हवा होता. कोरडा क्लच दाबल्यावर खळखळतो, सोडला की गप्प होतो. हे मला झोपेत माहीत होतं. मी काय उत्तर दिलं असेल?

मी म्हणाले, "जुन्या मॉडेलात दोन्हीकडं वाजतो."

असं कुठल्याही पुस्तकात नाही. मी ते तिथल्या तिथं तयार केलं.

"सहा बोल्ट हायेत," मामा म्हणाले. "धा मिनिटांचं काम. उघडून बघ."

"मामा, काहीही बिघडलेलं नसताना मी उघडणार नाही. तुम्हाला आवाजाची सवय नाही म्हणून मी माझ्या कामावर शंका घेऊ?"

"शंका न्हाई गं. नुस्तं बघ."

"नाही."

मामा उठले, हात पुसले आणि पंपाकडे गेले. त्यांचं असंच. वाद जिंकायची त्यांना घाई नसते.

बरं, इथं थांबले असते तरी ठीक होतं. पण मी एक व्हिडिओ टाकला. गाडीसमोर उभी राहून, बोट नाचवत. त्यात मी म्हणाले, की आपल्याकडच्या कानांना तेलाची सवय लागलीय, कोरडं खरं आपल्याला सोसत नाही. आपण आवाज दाबतो, इटलीवाले तो घडवतात. हे ऐका. आणि मग अर्धा मिनिट नुसता खडखडाट.

तो व्हिडिओ जालन्यात फिरला. माणसं गॅरेजात आवाज ऐकायला येऊ लागली. कापडाच्या दुकानाचे एक मालक येऊन डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "तबल्यावानी वाटतं." मी म्हणाले, "बरोबर, त्यात ताल आहे." चौथ्या दिवशी कॉलेजातला एकजण स्वतःची गाडी घेऊन आला. "ताई, माझ्या गाडीला बी असा आवाज बसवून द्या ना." मी त्याला नाही म्हणाले, तर त्यानं घरी जाऊन स्वतःच चेनचं कव्हर सैल केलं आणि गल्लीतून खणखण करत फिरला. मी तर त्यातही क्रांती पाहिली.

पाचव्या दिवशी आवाज बदलला. खडखड होती ती खुळखुळ झाली, बारीक, रवाळ.

मामा लांबूनच म्हणाले, "बारीक होऊन राह्यला बघ आवाज. काहीतरी दळून राह्यलं आतमंदी."

"प्लेटा एकमेकींना रुळतायत," मी म्हणाले. "नवं लग्न झाल्यासारखं असतं ते. आधी भांडण, मग सवय."

"तुला काय ठाऊक नव्या लग्नाचं?" आई म्हणाली. ती डबा द्यायला आली होती.

एक सांगते. त्या झाकणाला तीन खिडक्या मी पाडलेल्या. आतलं दिसावं म्हणून. एवढ्या दिवसांत मी त्या खिडक्यांतून एकदाही बॅटरी मारून आत पाहिलं नाही. जालन्यातल्या निम्म्या लोकांना मी त्या खिडक्या दाखवल्या, पण आत नाही पाहिलं. बघायला आधी शंका यावी लागते, आणि शंका मी दारातच उभी केली होती.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. पन्नाशीचे, शांत, हेल्मेट एखाद्या मुलासारखं कवेत धरलेलं. गाडी सुरू केली, ऐकली, आणि म्हणाले, "रेणुकाताई, हा आवाज..."

"डिझाइनचा आहे," मी आणि मामा एकदमच म्हणालो. मामांच्या म्हणण्यात फरक होता.

"व्हिडिओ बघितला मी," डॉक्टर म्हणाले. "चांगलं बोलता तुम्ही. मला त्यातलं कळत नाही. तुम्ही म्हणता तर बराबरच असेल."

ते राजूरच्या रस्त्यानं निघाले. मागं मामांच्या मोपेडवर मी, आणि माझ्या मागं मामा, मांडीवर पान्यांची पिशवी. पहिले काही किलोमीटर मी जगातली सगळ्यात सुखी बाई होते. दोन्हीकडे कापूस फुटलेला, मधून ती लाल गाडी चाललेली, आणि सोयाबीनच्या मळणीवरची माणसं काम थांबवून बघतायत. मामा मागून म्हणाले, "चालून तर राह्यली." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

मग चढ आला. छोटाच, बैलगाडी सहज चढेल असा. डॉक्टरांनी पीळ दिला, इंजिन ओरडलं, आणि गाडी मात्र पुढं जाईना. आवाज वाढतोय, वेग कमी होतोय. मोपेडनं तिला गाठलं. नंतर मोपेड तिच्या पुढं गेली. मामांनी जाता जाता डॉक्टरांना नमस्कार केला, हे मला आरशात दिसलं.

चढाच्या माथ्यावर एसटीचा थांबा होता, शेजारी चहाची टपरी. डॉक्टर कसेबसे तिथवर आले आणि गाडी बंद केली. इंजिनाच्या बाजूनं धुराची एक बारीक रेघ निघत होती. माझ्या खिडक्यांतून. हवा खेळती राहावी म्हणून पाडलेल्या.

"क्लच घसरतोय," डॉक्टर म्हणाले. "हेही डिझाइनचं का?"

ते चिडून बोलत नव्हते, खरंच विचारत होते. मला पुणे दिसायला लागलं. दिवाळीनंतरची सकाळ, बसची वेळ, आईनं बांधलेले लाडू. तरी मी म्हणाले, "नव्या प्लेटा आहेत. पहिल्या चढाला थोडा वास येतोच."

थांब्याच्या कट्ट्यावर एक आजी बसल्या होत्या. एसटीची वाट बघत, चंची उघडून पान लावत होत्या. त्यांनी मान वर केली आणि टपरीवाल्याला विचारलं, "का रे, सुपारी भाजून राह्यला का काय?"

"न्हाई आजी, मी कशाला सुपारी भाजू? त्या गाडीचं काहीतरी जळलं."

"गाडीचं न्हाई. सुपारी हाय."

मी हसले. मला तेव्हाही हसू आलं, बघा. मी जवळ जाऊन समजावून सांगितलं, "आजी, हा क्लचच्या प्लेटांचा वास आहे. घर्षणानं त्यांच्यावरचा थर तापतो, तेव्हा असा जळका, तुरट वास येतो. कोरडा क्लच असल्यामुळे जास्त जाणवतो."

आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग काठी टेकत उठल्या, गाडीजवळ आल्या, वाकल्या, आणि माझ्या मधल्या खिडकीशी नाक नेलं. दोनदा हुंगलं.

"आसंल तुझं म्हननं," त्या म्हणाल्या. "पर ही पूजेची सुपारी हाय. खायाची अशी वासत न्हाई."

मला माझंच बोट दिसलं. खंडेनवमीला क्लचकडं रोखलेलं. खरं काम करणारी जागा हीच आहे, म्हणणारं. आईनं तिथंच विडा ठेवला होता, पानावर गणपतीची सुपारी, तिच्यावर अक्षता, आणि मी तो न उचलता, मोबाइल धरून, बटण दाबलं होतं. पहिल्याच हादऱ्याला सुपारी माझ्या खिडकीतून आत गेली असणार.

मी मामांकडे पाहिलं. मामा पिशवीतून बोल्ट खोलायची ॲलन की काढून माझ्यासमोर धरून उभे होते.

झाकण निवायला एक चहा गेला. मग सहा बोल्ट. दहा मिनिटांचं काम होतं, सहा मिनिटांतच झालं. झाकण सुटलं आणि माझ्या ओंजळीत पडलं ते असं: अर्धी सुपारी, कोळशासारखी काळी, एका बाजूनं घासून सपाट झालेली. तिचा चहापत्तीसारखा भुगा. पाचसहा अक्षता, भाजून लाह्यांच्या वाटेला लागलेल्या. आणि झेंडूची एक पाकळी, तिचं काय झालं होतं ते सांगवत नाही.

म्हणजे ताल होता, तो सुपारीचा. प्लेटांचं लग्न रुळत होतं, ते सुपारीचं. कापड दुकानाच्या मालकांनी डोळे मिटून ऐकली, ती सुपारी. आणि जालन्यातला एक पोरगा आपल्या गाडीला बसवून मागत होता, तीही सुपारीच.

डॉक्टरांनी तो अर्धा तुकडा दोन बोटांत धरून उन्हात बघितला, दात बघावा तसा. "सुपारीनं काय काय होतं ते मी रोज लोकांच्या तोंडात बघतो," ते म्हणाले. "क्लचमध्ये पहिल्यांदा बघतोय. पण नुकसान साधारण तेच दिसतं."

मी खाली बसले. कट्ट्यावर वर्तमानपत्र पसरलं, स्प्रिंगा सोडल्या, एकेक प्लेट काढून कोरड्या फडक्यानं पुसली. भुगा झटकला, टोपली साफ केली. प्लेटा चकाकल्या होत्या, जळल्या नव्हत्या. टपरीवाला चहाची गाळणी पुढं करून म्हणाला, "ताई, ह्याच्यातून गाळून घेता का?" मामांनी त्याला हातानंच थांबवलं. हसायचं होतं त्यांना, पण पिशवी तोंडासमोर धरली.

पाऊण तासानं गाडी पुन्हा सुरू केली. क्लच दाबला. खळखळ, खळखळ, मोकळी, स्वच्छ. सोडला. गप्प. अगदी गप्प, नुसते दोन सिलिंडर आपापलं बोलत होते. कॉलेजात हेडफोनवर ऐकलेला तो हाच. आणि मला तो एक आठवडा ऐकूच आला नव्हता, कारण मी त्याच्यावर भाषण देत होते.

डॉक्टरांनी स्वतः दाबून बघितलं, सोडून बघितलं. "म्हणजे खरा आवाज हा?"

"हा."

"मागचे आठ दिवस तुम्ही दुसऱ्यालाच खरा म्हणत होता."

"हो." पण मी मान खाली घातली नाही. "गाडी बरोबर बांधलीय. झडपा बरोबर आहेत, पुढचा चढ चढून बघा. चूक माझी आहे, तिची नाही."

"आणि त्या खिडक्या? बुजवून टाका त्या, एवढंच म्हणणं आहे माझं."

इथं खरं तर मी हो म्हणायला हवं होतं. अर्धं गॅरेज, पाटी, दुसरी गाडी, सगळं त्या एका हो मध्ये होतं. मामा मागून माझा दंड दाबत होते.

"नाही बुजवणार," मी म्हणाले. "जाळी लावते. खिडकीची चूक नव्हती डॉक्टर. खिडकी होती आणि मी आत बघितलं नाही, ही चूक होती. बंद झाकणाखाली सुपारी अडकली असती तर या आजींनासुद्धा वास आला नसता."

"बंद झाकणात सुपारी गेली कशी असती?" डॉक्टर म्हणाले.

मी आवळलेलाच बोल्ट परत आवळला.

मामांनी माझा दंड सोडला आणि आकाशाकडं बघितलं. डॉक्टर हेल्मेट हातात घेऊन कट्ट्याकडे वळले. लांबून एसटी येताना दिसत होती आणि आजी चंची बांधून कमरेला खोचत होत्या.

"आजी, तुम्हीच सांगा," डॉक्टर म्हणाले. "घरी माझी अजून एक गाडी आहे अशीच. ती या पोरीकडं सोपवू, का नको?"

आजींनी माझ्याकडं बघितलं. काळे हात, कपाळावर क्लचची भुकटी. मग गाडीकडं बघितलं, मग येणाऱ्या एसटीकडं, आणि पदर सावरून म्हणाल्या, "सोपव की लेका. पोरगी बराबर हाय. नाक आन् कान तेवढे नवे टाकून घे."